वाचकांचे प्रश्न: भंगारातल्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स उतरवायचाय

प्रश्न: माझ्याकडे माझदाची पहिल्या पिढीची मियाटा आहे, १.६ लिटरची. तिसरा गिअर टाकला की थोड्या वेळाने आपोआप सुटतो. भंगार यार्डात तशीच १.८ लिटरची गाडी आलीय, पुढून ठोकलेली आहे पण मागचं सगळं ठीक दिसतं. तिचा गिअरबॉक्स मला चालेल का? आणि मित्राला घेऊन एका दिवसात मी तो काढू शकेन का, हाताशी साधं टूलकिटच आहे.

उत्तर: चालेल. दोन्ही इंजिनांना ५ गिअरचा एकच बॉक्स येतो, इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून बॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचे, दातेही तेच. फरक क्लचचा आहे, १.६ ला २०० मिलिमीटरची प्लेट आणि १.८ ला २१५ ची, म्हणून क्लच आणि फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती इंजिनाची जड चकती) तुमच्याच गाडीचं राहू द्या, फक्त बॉक्स आणा.

पण पाना लावायच्या आधी तो बॉक्स आणण्यालायक आहे का ते बघा, कारण लोक अख्खा दिवस मेहनत करून बॉक्स उतरवतात, घरी आणून तेल काढतात आणि मग कळतं की आत सगळं खराब आहे. तेल यार्डातच काढा, अगदी पहिलं काम तेच. आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का बघा आणि मगच खालचा ड्रेन प्लग खोला. तेल जवळपास २ लिटर निघतं, पसरट भांडं न्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक गाळ असला तर काही बिघडलं नाही, जुन्या बॉक्सला तो असतोच. हाताला टोचणारे लोखंडाचे तुकडे असले तर दाते गेलेत, निघून या. तेलात पिवळसर चमक तरंगत असली तर पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या, झिजल्यात. आणि तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, भंगारात पुरात बुडालेल्या गाड्या पण येतात, बाहेरून धुतल्या की ओळखू येत नाहीत, तेव्हा तो बॉक्स कितीही स्वच्छ दिसला तरी नको.

मग आत बसून सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट, आणि खाली जाऊन बॉक्सच्या शेपटीत शिरलेला प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) योक, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली हलवा, जास्त खेळ नको. गाडी पुढून ठोकलेली आहे म्हणताय तर बेलहाउसिंगचे, म्हणजे बॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, कान टॉर्च मारून नीट बघा, म्हणजे जिथून बोल्ट जातात त्या कडा. धक्का इंजिनामार्गे तिथपर्यंत पोचतो आणि ॲल्युमिनियमला केसासारखी तडा जाते, ती ग्रीसखाली लपते म्हणून कापडाने पुसून बघा.

एवढं ठीक असलं तर कामाला लागा. गाडी कशावर उभी आहे ते स्वतः हलवून बघा, आधीच्या माणसाने कशावर टेकवून ठेवलीय त्यावर भरवसा नको, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली अजिबात जायचं नाही, मित्राने कितीही सांगितलं तरी. बरेच यार्डवाले स्वतःचा जॅक आत नेऊ देत नाहीत, ते आधी विचारून घ्या. बॅटरी असली तर तिची वायर काढा, स्टार्टरची जाड वायर तुम्हाला सोडवायचीच आहे.

आतून सुरुवात करा. कन्सोल उचला, गिअर लिव्हरचे रबरी बूट सोडवा, वरचे बोल्ट काढून लिव्हर बाहेर घ्या. लिव्हर जिथे बसतो त्या खोबणीत वेगळं थोडं तेल असतं, बॉक्सच्या तेलाशी त्याचा संबंध नाही, आणि नवीन बॉक्स बसवताना ते भरायचं बरेच जण विसरतात, मग लिव्हर कोरडा चालतो. लिव्हर आणि दोन्ही बूट बरोबर घ्याच, तुमच्या गाडीचे एव्हाना फाटलेले असणार.

मग खाली. सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येतो, तो काढा, भंगारात तो बहुतेक आधीच कापून नेलेला असतो. प्रॉपेलर शाफ्टचे डिफरन्शिअलकडचे (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) ४ बोल्ट काढा आणि शाफ्ट मागे ओढून बॉक्समधून बाहेर घ्या. तेल काढलेलं असलं तरी शेपटीतून थोडं सांडतंच, प्लॅस्टिकची पिशवी आणि जाड रबरबँड लावून तोंड बंद करा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) २ बोल्टांवर असतो, पाइप न तोडता बाजूला लटकवा. रिव्हर्सच्या दिव्याची आणि न्यूट्रल स्विचची वायर, स्पीडोमीटरची केबल सोडवा. स्टार्टर काढा.

आता मियाटाची खासियत. या गाडीत गिअरबॉक्सखाली आडवा क्रॉसमेंबर नाहीये. त्याऐवजी बॉक्सच्या शेपटीपासून डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची लांब फ्रेम जाते, पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात तिला, आणि बॉक्सचं मागचं वजन तिच्यावरच असतं. म्हणजे ती फ्रेम सोडवली की बॉक्सची शेपटी आणि डिफरन्शिअलचं नाक दोन्ही खाली येणार. तिच्या बोल्टला हात लावायच्या आधी बॉक्सखाली टेकू द्या, डिफरन्शिअलखाली पण लाकडाचा ठोकळा, मगच बोल्ट फिरवा. डिफरन्शिअलकडचा बोल्ट आणि त्याची बुशिंग गंजाने घट्ट धरतात, गंज सुटायचा स्प्रे आल्याआल्या मारून ठेवला असला तर फरक पडतो. आणि हो, यार्डातली फ्रेम आणू नका, तुमच्या गाडीचं डिफरन्शिअल वेगळ्या मापाचं आहे, तुमचीच परत लावा.

राहिले बेलहाउसिंगचे बोल्ट. खालचे आणि बाजूचे सोपे. वरचे दोन म्हणजे सगळ्या कामातली खरी डोकेदुखी, वरून हात जात नाही. फ्रेम निघाल्यावर टेकू हळूहळू खाली करा, बॉक्सची शेपटी खाली झुकली की इंजिन मागे कलतं आणि बॉक्सच्या वर जागा होते, मग बॉक्सच्या मागून २-३ एक्स्टेन्शन जोडून, टोकाला लवचिक जॉइंट आणि ६ कोनी गोटी (सॉकेट) लावून रॅचेट तिथपर्यंत पोचवायचं. १२ कोनी गोटी नेऊ नका, गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल झालं की पुढचं सगळं अडलं. साध्या टूलकिटमध्ये लांब एक्स्टेन्शन नसतात, ते कुणाकडून तरी उसने न्या, त्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

सगळे बोल्ट निघाले तरी बॉक्स हलत नसला तर ९० टक्के वेळा एक बोल्ट राहिलेला असतो, आधी तो शोधा. नसेलच तर लोकेटिंग पिना, म्हणजे दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या, गंजल्यात, तिथे स्प्रे मारा आणि लाकडी हातोड्याने बाजूने ठोका. दोन भागांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, पृष्ठभागावर ओरखडा पडला की बॉक्स परत सरळ बसत नाही. सुटायला लागला की दोघांनी धरून सरळ मागे ओढायचा. तिरका होऊन इनपुट शाफ्टवर वजन आलं तर शाफ्टला आणि त्याच्या बेअरिंगला मार बसतो. बॉक्स एकट्याने छातीवर घ्यायचा तर मुळीच विचार नको.

दोन माणसं, सवय नसलेली, तरी दिवसात होतं. सकाळी लवकर जा.

प्रश्न: यार्डात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची स्पोर्ट्स कार आहे. तो काढताना काही वेगळं करावं लागतं का?

उत्तर: मुख्य फरक टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या तेलभरल्या डब्याचा. तो इंजिनाच्या पातळ फ्लेक्सप्लेटला बोल्टांनी जोडलेला असतो, आणि बॉक्स मागे ओढण्याआधी ते बोल्ट काढावेच लागतात, खालच्या छोट्या झाकणातून किंवा स्टार्टरच्या भोकातून. एका वेळी एकच बोल्ट समोर येतो, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचं की पुढचा. हे न करता बॉक्स ओढला तर कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून राहतो, बॉक्समधल्या पंपातून निसटतो आणि तेल अंगावर येतं, शिवाय पंप खराब होऊ शकतो. बाहेर आल्यावर कन्व्हर्टर पुढे घसरू नये म्हणून बेलहाउसिंगच्या तोंडावर आडवी पट्टी बांधा.

प्रश्न: पोर्शे ९४४ खाली शिरलो, इंजिनाच्या मागे गिअरबॉक्सच दिसेना. कुणी आधीच काढून नेला का?

उत्तर: नाही, तो मागे आहे. ९४४ मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स डिफरन्शिअलसकट मागच्या चाकांपाशी, मध्ये एक जाड नळी जाते, टॉर्क ट्यूब, तिच्यातून शाफ्ट फिरतो. क्लच मात्र पुढे इंजिनापाशीच राहतो. शेवरलेच्या १९९७ पासूनच्या सी५ कॉर्व्हेटमध्येही मांडणी अशीच आहे. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जातं म्हणून हे करतात आणि गाडी वळवताना ते जाणवतं, मला तर ही मांडणी फार आवडते.

काढायच्या दृष्टीने बघाल तर वरच्या बोल्टांची ती झटापट इथे नाही. दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट फ्लँजपासून सोडवा, त्यांच्या बोल्टची डोकी आतून कोरलेली असतात, त्या खाचेतली घाण टोच्याने पूर्ण काढून मगच बिट ठोकून बसवा, नाहीतर डोकं सोलवटतं. मग गिअर रॉड सोडवा. टॉर्क ट्यूबच्या मागच्या टोकाला कपलिंग असतं, ते झाकणाच्या भोकातून मोकळं करून सरकवावं लागतं, ते राहिलं तर बॉक्स इंचभरही मागे येणार नाही. वजन भरपूर आहे, आणि बॉक्स निघाला की टॉर्क ट्यूबचं टोक पण मोकळं होतं, तिला दोरीने वर बांधून ठेवा.