दम्याच्या पोरावर प्रोब ठेवण्याआधी

अरे, सोनोग्राफी मशीन ओढत आणण्याआधी पोराकडे बघ, वाक्य पूर्ण बोलतंय का, बरगड्या आत ओढल्या जातायत का, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती, आणि साल्ब्युटामॉलचं (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचं) नेब्युलायझेशन, म्हणजे श्वासातून बारीक फवारा, चालू कर, स्कॅन त्यानंतर. लिनियर प्रोब (छातीवर टेकवायचं मशीनचं सपाट तोंडाचं टोक) घे, पोराला आईच्या मांडीवरच बसू दे. नुसत्या दम्यात बहुतेक वेळा ए-लाइन्स (स्क्रीनवरच्या समांतर आडव्या रेषा) आणि श्वासाबरोबर सरकणारा प्ल्युरा (फुप्फुसाचं आवरण) दिसतो, म्हणजे फुप्फुस नॉर्मलच वाटतं, आणि इथेच नवीन मुलं फसतात, कारण हवा अडकलेलं फुप्फुसही तसंच दिसतं, म्हणून स्कॅन चांगला आला तरी अटॅक सौम्य आहे असं मुळीच समजू नकोस. बी-लाइन्स (प्ल्युरापासून खाली उतरणाऱ्या उभ्या रेषा) दिसल्या तर व्हायरल इन्फेक्शन, न्यूमोनिया डोक्यात ठेव, पण 1 सेंटीमीटरपेक्षा लहान कन्सॉलिडेशन (हवा जाऊन घट्ट झालेला फुप्फुसाचा भाग) दिसलं म्हणून लगेच अँटिबायोटिक नको. प्ल्युरा सरकतच नसेल तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) शोध, आणि सीनियरला तेव्हाच हाक मार.