दोघांपुरते आंबिल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. थोरली मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली आणि गेल्या जूनपासून मुलगाही नोकरीसाठी पुण्याला राहू लागला, तेव्हापासून औसा तालुक्यातल्या त्या घरात तुम्ही दोघेच उरला आहात. पहाटे पाचला सवयीने जाग येते, ओट्याशी जाऊन उभे राहिल्यावर आता डबा कोणाचाच करायचा नाही हे लक्षात येते, यजमान शेताकडे गेले की संध्याकाळपर्यंत घरात आवाज नसतो. शेजारणी ‘आता निवांत झालात’ म्हणतात ते तुम्हाला लागते, असे तुम्ही लिहिले आहे. बारावीपर्यंत शिकलेल्या आणि हातात कोणतीही कला नसलेल्या बाईने वयाच्या ५१ व्या वर्षी एखादा क्लास लावावा की नातवंडांची वाट पाहत बसावे, हा तुमचा प्रश्न आहे.

क्लास आवडला तर जरूर लावा. परंतु हातात कला नाही हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही, कारण त्याच पत्रात तुम्ही असे वाक्य लिहिले आहे : ‘यंदा येळवशीला बिंदगे माळ्यावरून काढलेच नाही, दोघांपुरते आंबिल पातेल्यातच केले.’ येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, काय असतो हे लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. शेतात कडब्याची कोप, बिंदगे नावाच्या मोठ्या भांड्यातून नेलेले, ताकात कालवलेल्या ज्वारीच्या पिठाचे आंबिल, भज्जी, आणि बोलावलेली-न बोलावलेली सगळी माणसे एकाच पंगतीला. त्या दिवशी बिंदगे माळ्यावरच राहिले, एवढे सांगून तुम्ही घराचे सारे रितेपण सांगितलेत, आणि त्यासाठी ‘दुःख’ हा शब्दसुद्धा वापरावा लागला नाही. ज्याला नेमके काय पाहायचे हे कळते, त्याच्याच हातून असे वाक्य उतरते. मुलाचा चेहरा पाहून त्याला ताप येणार हे तुम्ही आदल्या रात्री ओळखत होता, ती नजर मुले गेली म्हणून कुठे गेलेली नाही. तिला रोज लागणारे काम तेवढे संपले आहे, आणि तुम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट मला वाटते हीच आहे.

म्हणून पहाटेचा पाच ते सहा हा तास भरून काढू नका, तो तसाच राखा. त्या वेळी मोबाइल हातात घेऊ नका. मुलांच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वह्या घरात असतीलच, त्यांतली एक घ्या आणि काल डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट चार-पाच ओळींत लिहा. मनात काय चालले आहे ते आरंभी लिहू नका, असे मी मुद्दाम सांगते, कारण मनाविषयी लिहायला बसले की रोज तीच तीन वाक्ये फिरून येतात, आणि भाकरी थापताना पीठ कसे विरले, तुरीला फूल कधी लागले, यजमानांनी चपला कुठे काढल्या हे लिहू लागले की मनातले आपोआप त्यात उतरते. काही दिवस अगदीच रुक्ष जातील. तेव्हा वही मिटून उठावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

पत्राच्या कडेला तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे, की सासूबाई दळताना म्हणत त्या ओव्या आठवतात, पण अर्ध्याच. ताई, या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ ती आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावकडच्या बायकांच्या ओव्याही आहेत. त्या रचणाऱ्या बहुतेक जणी कधी शाळेत गेल्या नव्हत्या, आणि सासरी गेलेली लेक, दूर असलेला भाऊ, परगावी असलेला लेक हेच त्यांचे विषय होते. म्हणजे तुम्ही आज ज्यात आहात, त्यातूनच त्यांचे काव्य आले आहे. तुमच्याकडे अर्धी ओवी आहे ती तशीच उतरवून ठेवा. गावातल्या थोरल्या जावेला किंवा सासूबाईंच्या बरोबरीच्या कोणाला विचारा, दुपारी त्यांच्याशेजारी जाऊन बसा. आणि जी अर्धी कोठेच मिळणार नाही, ती स्वतः जुळवून पाहा. ओवीत भर घालण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, ती नेहमी अशीच वाढत आली आहे.

पेटीतले मुलांचे गणवेश देववत नाहीत, असेही तुम्ही लिहिले आहे. देऊ नका, त्यांची वाकळ शिवा. धावदोऱ्याने शिवताना हात गुंतलेले असतात आणि मन मोकळे असते, त्यामुळे ओव्या आठवायलाही हे काम चांगले आहे.

एक गोष्ट मात्र यापासून वेगळी ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. या वयात पाळी जाण्याच्या काळातही झोप आणि मन दोन्ही बिघडतात, तेही त्यांना सांगा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि यजमानांनाही सांगा.

यजमानांविषयी तुम्ही एवढेच लिहिले आहे, की ते काही बोलत नाहीत. मुले त्यांचीही गेली आहेत. येत्या येळवशीला बिंदगे काढायचे का, हे त्यांनाच विचारा आणि शेजारच्या शेतातल्यांना बोलवायचे ठरवा. मुलगा फोनवर ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ म्हणाला की तुम्ही हिरमुसता. पण तो नंतर करतो तेव्हाही ‘जेवलास का’च्या पुढे बोलणे जात नाही, असे तुम्हीच म्हणता. पुढच्या वेळी त्याने फोन केला, की त्या आठवड्यात वहीत लिहिलेल्या चार ओळी त्याला वाचून दाखवा.