टेपच्या तुकड्यापायी जिंकलेली रेस गेली

प्रश्न : काका, नमस्कार. आमचा मुलगा नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या रेस बघतो, त्याच्यामुळे आता मलाही नाद लागलाय. परवा आम्ही २०२२ ची पोकोनो ट्रॅकवरची रेस पाहिली. डेनी हॅमलिन पहिला आला, सगळा जल्लोष झाला आणि मागनं कळलं की नंबर काढून घेतला, का तर गाडीला टेप लावलेली! ड्रायव्हरचा काय दोष? आणि हे ठरवणारे कोण, सरकारी लोक असतात का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही हो ताई, सरकारी अजिबात नाही. नॅस्कार ही खासगी कंपनी आहे, १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचला काढलेली आणि अजूनही त्याच घराण्याची. त्याआधी प्रत्येक ट्रॅकचे नियम वेगळे असायचे, काही आयोजक तर बक्षिसाचे पैसे घेऊनच पसार व्हायचे, म्हणून एक नियम एक हिशेब पाहिजे होता.

आता टेपचं. पारदर्शक टेप, दोन इंच रुंद, साडेपाच इंच लांब, पुढच्या बंपरच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, वरच्या रंगीत स्टिकरच्या आत. वरून बघितलं तर काही दिसणारच नाही. पण या गाड्यांच्या बॉडीचे भाग ठरलेल्या सप्लायरकडूनच घ्यायचे आणि त्यांना हात लावायचा नाही असा नियम आहे, कारण तेवढ्या वेगात गाडीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या भागाचा, आकार जरासा बदलला तरी हवेचा दाब बदलतो. रेसनंतर स्टिकर सोलला आणि टेप सापडली. दुसरा आलेला काइल बुश त्याच टीमचा, त्याच्याही गाडीत तेच, दोघंही बाद, आणि एकही लॅप, म्हणजे फेरी, पुढे न राहिलेला चेस एलियट तिसऱ्याचा पहिला झाला. नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत, म्हणजे कप सिरीजमध्ये, १९६० नंतर जिंकलेला बाद व्हायची ही पहिलीच वेळ. मधली कित्येक वर्षं गाडीत खोट निघाली तरी दंड व्हायचा, पॉइंट जायचे, पण जिंकणं तसंच राहायचं, कारण प्रेक्षकांनी घरी जाताना कोण जिंकलं ते कळूनच जावं असं नॅस्कारचं म्हणणं होतं. २०१९ ला हे बदललं, जिंकलेलाही बाद होऊ शकतो असं ठरलं.

मला विचाराल तर बदललं ते बरंच केलं. मी पीथमपुरात कारखान्यात क्वालिटीला होतो, मापाच्या गेजमध्ये पार्ट बसला नाही की लाल पेटीत, म्हणजे बाद, मग तो गाडीत चालला असता का नसता हा वादच नाही. हॅमलिननं टेप लावली नव्हती हे खरं, पण रेस गाडीसकट जिंकतात ना. टीमनंही चूक मान्य केली, अपीलला गेलीच नाही.

खटकतं ते वेगळंच. नियम नॅस्कारचे, तपासणी यांची, दंड यांचा, आणि २०१९ पासून डेटोनासकट बरेच ट्रॅकही यांच्याच मालकीचे. अपीलला तिघांचं पॅनेल असतं, ते दंड कमी करू शकतं, कधी उलटवतंही, म्हणून निभतंय. मुलाला सांगा, पुढची रेस संपली की लगेच टीव्ही बंद करू नको, तपासणीचा निकाल येईपर्यंत थांब.