वाचकांचे प्रश्न : कॅथेड्रलची सेवा कोणासाठी?

प्रश्न : अंबड तालुक्यातील आमच्या गावातून दरवर्षी बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांना मागे ठेवण्याची सोय नसल्यामुळे तीही आईवडिलांबरोबर फडाजवळच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात आणि त्यांची शाळा सुटते. छत्रपती संभाजीनगरच्या कॅथेड्रलकडे मदत मागावी, असे आमच्या बचत गटातील काही महिलांचे म्हणणे आहे. परंतु गावात एकही ख्रिस्ती कुटुंब नाही, आणि मदतीच्या बदल्यात धर्म बदलावा लागेल अशी कुजबुजही सुरू झाली आहे. आम्ही जावे का?
– एक वाचक, जि. जालना

उत्तर : अवश्य जावे, आणि संकोच न बाळगता जावे. कॅथेड्रल हे बिशपांचे मुख्य प्रार्थनामंदिर असते. त्यामुळे त्याची जबाबदारी रविवारी तेथे जमणाऱ्या भाविकांपुरती न राहता संपूर्ण धर्मप्रांतापर्यंत, म्हणजे त्या बिशपांच्या अखत्यारीतील सर्व प्रदेशापर्यंत पोहोचते. ही परंपरा जुनी आहे. प्रत्येक कॅथेड्रलने गरीब विद्यार्थ्यांना मोफत शिकवण्यासाठी एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय करावी, असा नियम रोममध्ये 1179 साली भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने केला होता. पॅरिसमध्ये नोत्र दाम कॅथेड्रलच्या शेजारचे रुग्णालयही कित्येक शतके तेथील धर्मगुरूंच्या देखरेखीखाली चालत असे.

आपल्याकडे मात्र आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कॅथलिक चर्चचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये स्थापन झाला असून त्याचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे. 1970 मध्ये अस्तित्वात आलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा मराठवाडा धर्मप्रांत त्याहून वेगळा, त्याचे बिशपही वेगळे. अर्ज कोणाच्या नावे करायचा हे त्यामुळे आधीच ठरवावे. (हे संत फ्रान्सिस स्वतः जिनिव्हाचे बिशप होते. त्यांनी एका कर्णबधिर तरुणाला हातवाऱ्यांच्या साहाय्याने शिकवले, म्हणूनच कर्णबधिरांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचे स्मरण केले जाते.)

धर्मांतराच्या शंकेविषयी स्पष्ट लिहितो. कोणावर सक्ती करून किंवा आमिष दाखवून त्याला श्रद्धा स्वीकारायला लावणे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच निषिद्ध ठरवले आहे. तरीही गावात कुजबुज असेल, तर ती मनात ठेवून जाण्यापेक्षा पहिल्याच भेटीत फादरांसमोर मोकळेपणाने मांडावी आणि मुलांच्या राहण्याजेवणाला व अभ्यासाला कोणत्याही धार्मिक कार्यक्रमाची अट असणार नाही, हे लेखी घ्यावे. ज्यांचा हेतू स्वच्छ आहे, त्यांना असे लिहून देण्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

आता मागायचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि येथे बहुतेक गट चुकतात. ते रोख रक्कम मागतात. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतून आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, त्यामुळे त्या निधीतील रक्कम तुमच्या गटाच्या खात्यावर येऊच शकत नाही. म्हणून पैसा न मागता माणसे मागा : संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारी शिक्षिका, आजारी लेकरांना तपासायला येणारी परिचारिका सिस्टर, आजीच्या भरवशावर राहिलेल्या वयात आलेल्या मुलींशी बोलणारी एखादी जाणती बाई. शासनाच्या हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत स्वतंत्रपणे करावीच, कारण दोन वेळचे जेवण आणि निवारा ही शासनाची जबाबदारी आहे, आणि चर्चच्या मदतीमुळे शासनाला त्यातून अंग काढून घेता येऊ नये.

जाताना मुलांची इयत्तावार यादी न्यावी. कोणते मूल कोणाजवळ राहू शकते, कोणत्या घरी आजी आहे, कोणत्या घराला कुलूप लागते आणि कोणती मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीच फडावर नेली जाते, एवढे त्यात लिहिलेले असले तरी समोरच्याला कामाचा आवाका लगेच कळतो. सरपंच आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या घ्याव्यात. बचत गटातील किमान दोघी स्वतः बोलायला असाव्यात. मुकादमाकडून उचल घेऊन झाली की घरोघरी निघण्याची तयारी सुरू होते आणि मग कोणाच्याही हाती वेळ उरत नाही, तेव्हा ही भेट पोळ्याच्या सुमारास उरकावी.