तुझी ऑर्डर आबांनी का दिली?

रॉटरडॅम, रविवार रात्र

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा कळलं की बाईसाहेब खरंच रागावल्यात. "आई, आबांनी मला न विचारता माझी मिसळ सांगितली. बिनतिखट! वर जिलेबी पण मागवली. मला जिलेबी आवडतच नाही. इथे मुलांना कुणी विचारत नाही का?"

नाही विचारत. नाशिकला घरचे सगळे मिसळीला गेले की मोठं माणूस ऑर्डर देतं, आणि जो ऑर्डर देतो तोच पैसे देतो. (गल्ल्यापाशी आबा आणि मामा एकमेकांचे हात धरून ओढताना दिसले असतील. ते भांडण नसतं. दोघांनाही पैसे द्यायचे असतात.)

पण आबा वेटरला नेमकं काय म्हणाले ते आठव. "तीन मिसळ. एक झणझणीत, एक मध्यम, पोरीला बिनतिखट. तिची तर्री वाटीत वेगळी दे, आणि दही आधी आण." मी तिथे नव्हते, तरी हे असंच्या असं म्हणाले असणार, कारण तीस वर्षांपूर्वी ती 'पोरगी' मी होते. तर्री वाटीत वेगळी का? तर तुला हवी तेवढी तू चमच्याने घ्यावीस म्हणून. म्हणजे तुला विचारलं नाही, पण ठरवायचं तुझ्यावरच सोडलं होतं. तू ती वाटी बाजूला सरकवलीस, असं आजीने सांगितलं.

आपल्याकडे खरी ऑर्डर टेबलावर होते, ताट आल्यावर. उसळ, फरसाण, कांदा, लिंबू, पापड, दही, पाव असं सगळं सुटं समोर येतं आणि रस्सा मागाल तेवढा. नाशिकचा रस्सा काळा असतो, तो सुकं खोबरं आणि कांदा पार काळपट होईस्तोवर भाजल्यामुळे. पुढच्या वेळी आबांचा हात बघ. आधी लिंबू पिळतात, मग अर्धाच रस्सा ओततात. फरसाण मूठभर राखून ठेवतात, शेवटच्या चार घासांना कुरकुरीत हवं म्हणून. पावाचा तुकडा बुडवत नाहीत, नुसती कड तर्रीला लावतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस सगळं एकदम कालवून मोकळा होतो. आबा त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ना, तीही बघ.

आणि तू तरी इथे रॉटरडॅमला काय वेगळं करतेस? बटाट्याच्या गाडीवर 'फ्रीत्ये मेत' म्हणतेस, म्हणजे 'फ्राइज, सोबत'. सोबत काय? मेयो. ते कुणी बोलत नाही, गाडीवाल्याने ओळखायचं. इथल्याच डेल्फ्सहाफन भागात आपण कापसलॉन खातो, त्याचं नाव 'केशकर्तनालय' का, हे तू विचारलं होतंस आणि मी 'नंतर सांगते' म्हणाले होते. तर २००३ च्या सुमारास तिथला एक सलूनवाला शेजारच्या शोर्माच्या दुकानात रोज तेच मागायचा : फ्राइज, वर मांस, चीज, सॅलड, सगळं एकाच डब्यात. दुकानातले म्हणायला लागले, 'सलूनचं द्या'. एका माणसाचं 'नेहमीचं' होतं, आता सगळं रॉटरडॅम खातं.

तुझा राग मला कळतो, कारण मी चौदा वर्षं बिनतिखट खाल्लं. आबांच्या डोक्यात मी आठ वर्षांचीच राहिले होते. कॉलेज रोडला पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात 'झणझणीत' सांगितलं. तिसऱ्या घासाला कानातून वाफा, नाकातून धार. मैत्रिणी हसून हसून खाली पडायच्या बाकी होत्या. मी ताट संपवलं, पण घरी काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी आबांना एवढंच म्हणाले, "मला आज मध्यम." त्यांनी मान हलवली आणि वेटरला म्हणाले, "दोन मध्यम." त्या दिवसापासून आजतागायत माझ्यासाठी मध्यमच येते. तूही सांग. पण टेबलाशी बसायच्या आधी सांग, गाडीतच. वेटरसमोर सांगितलंस तर आबा "तुला झेपणार नाही" म्हणतील आणि मग माघार घेणार नाहीत.

आता जिलेबी. ती कुणी खाल्ली? तू नाही म्हणालीस, मग ताटली रिकामी कशी परत गेली? आबांना साखर आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि आजी बारीक लक्ष ठेवून असते. "पोरीसाठी सांग एक प्लेट" हे वाक्य तुझ्यासाठी नव्हतंच, राणी. बुधा हलवाईकडे 'नातीसाठी पाव किलो' घ्यायला निघाले, तर तूही सोबत जा आणि पुडा तू धर.

उद्या श्रावणी सोमवार, आबांचा उपास. मिसळ नाही. ते तुला सायंतारा हॉटेलात साबुदाणा वडा खायला नेतील. उपास असूनही दोन प्लेट सहज संपवतात, त्यावर काही बोलू नकोस. (तिसऱ्या सोमवारी मात्र त्र्यंबकला जायचा हट्ट नको. ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, एसटीत उभं राहायलाही जागा मिळत नाही.)

उद्याची ऑर्डर तू दे. मी आबांशी बोलले आहे, ते गप्प बसतील. वडे गरम आहेत का विचारायचं, दही जास्त मागायचं. आणि चहा सांगताना "एक बिनसाखरेचा" एवढं विसरू नकोस. आबा स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

तुझी,
आई