दाढ थांबली आहे ती न येणाऱ्या क्लेमसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात हिशेबनीस असलेले 38 वर्षांचे एक वाचक लिहितात, की खालच्या डाव्या पहिल्या दाढेसाठी दंतवैद्यांनी रूट कॅनालचे 5,000 आणि कॅपचे 4,500 रुपये सांगितले आहेत. शेजारी म्हणतात, 800 रुपयांत काढून टाका. रात्री झोपू न देणारा ठणका आता आपोआप थांबला आहे, तेव्हा 'मेडिकल पॉलिसी'चा क्लेम येईपर्यंत थांबावे का?

थांबू नये. गार पाण्याची कळ बराच वेळ टिकणे आणि रात्री ठणका लागणे, ही दाढेच्या आतली नस सुजल्याची लक्षणे आहेत. असा ठणका उपचाराशिवाय थांबला, तर बहुधा नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो. एक्स-रे काढून दाढ वाचण्याजोगी आहे का, हे दंतवैद्यांकडून समजून घ्यावे. अक्कलदाढ असती तर शेजाऱ्यांचा सल्ला मीही मानला असता. पण ही चावण्याची मुख्य दाढ आहे आणि ती काढल्यावर इम्प्लांट बसवायचे म्हटले, तर 800 चे 25–30 हजार सहज होतात. कडक भाकरी आपण आताच उजव्या बाजूने चावता, असे आपणच लिहिले आहे.

आता त्या क्लेमविषयी, जो येणार नाही. आपण पाठवलेल्या छायाचित्रात फाइलवर पेनाने 'मेडिकल' लिहिले आहे, आणि आतल्या पहिल्याच पानावर 'एन्डोमेंट' छापले आहे. ही आयुर्विम्याची बचत योजना आहे. तिच्यातून दाढेचाच काय, अपेंडिक्सचाही खर्च मिळत नाही. म्हणजे आपल्या चौघांच्या कुटुंबाला आज आरोग्यविमाच नाही. (खरा आरोग्यविमा असता, तरी अपघात वगळता दाताचा खर्च सहसा मिळाला नसता.)

वर्षाला 40,000 रुपये, 15 वर्षे, म्हणजे 6 लाख. मुदत संपल्यावर मिळतील म्हणून एजंटाने तोंडी 15 लाख सांगितले. छापील तक्त्यात कंपनीची गुंतवणूक 4 टक्क्यांनी वाढेल असे धरलेल्या रकान्यात 8 लाख आहेत. म्हणजे आपल्या हाती परतावा साडेतीन टक्के! पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या सध्याच्या 7.1 टक्क्यांनी जवळपास 11 लाख झाले असते. आणि विमाकवच 4 लाखांचे, म्हणजे आपल्या 32,000 पगाराचे जेमतेम वर्षभर.

तीन हप्ते, म्हणजे 1,20,000 रुपये भरून झाले आहेत. आज पॉलिसी सोडल्यास किमान 35 टक्के, म्हणजे 42,000 मिळतील. उरलेले 78,000 गेले, असे धरावे. खरे सांगायचे तर इथून पुढे पॉलिसी चालू ठेवली, तर आज मिळू शकणारे 42,000 आणि पुढचे हप्ते यांवर सुमारे 6 टक्के पडतात, त्यामुळे केवळ परताव्यासाठी ती सोडा, असे मी म्हणणार नाही. पण त्याच 40,000 मध्ये चौघांचा 10 लाखांचा आरोग्यविमा अंदाजे 22,000 ला आणि 50 लाखांचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा) अंदाजे 10,000 ला बसतो. सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर प्रस्तावात तसेच लिहावे, हप्ता वाढला तरी चालेल; लपवल्यास क्लेम नाकारण्याचे कारण आपणच दिल्यासारखे होईल. दोन्ही पॉलिसी हातात आल्यावरच जुनी बंद करावी, आधी नाही.

दाढेचे 9,500 बचत खात्यातून या आठवड्यात काढावेत. एवढे जड वाटत असतील, तर केगावच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. अशा ठिकाणी खर्च कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. कॅप पुढच्या पगारावर ढकलू नये. रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय चावताना उभी चिरली, तर ती काढावीच लागते, आणि 5,000 ही वाया जातात.