आईची प्रेडनिसोलोन उद्यापासून बंद केली तर चालेल का?

नाही. उद्याची गोळी द्या आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की आईंना आमवातासाठी दोन वर्षं रोज प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम चालू आहे, चेहरा गोल झालाय, शुगर वाढलीये, आणि शेजारच्या काकू म्हणतात, ‘स्टेरॉईड आहे ते, आजच फेकून दे.’ काकूंचं निम्मं बरोबर आहे. स्टेरॉईड आहेच. हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, साखर, कातडी पातळ होणं, दबलेला टीबी वर येणं, हे सगळं त्याने होऊ शकतं. पण फेकून देण्यात वेगळाच धोका आहे.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावात 19 वर्षं मेडिकल चालवतोय.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात. ताप, मार, ऑपरेशन असा ताण झेलायला लागणारं कॉर्टिसॉल त्या बनवतात. शरीर रोज जेवढं बनवतं, ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. तुमच्या आईंना त्याच्या दुप्पट बाहेरून मिळतंय. आयतं येतंय म्हटल्यावर मेंदू ग्रंथींना हुकूम पाठवणं थांबवतो आणि त्या आक्रसतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळी चालली की हे गृहीतच धरायचं. त्या परत जाग्या व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

माझ्या मावशीचं सांगतो. गुडघ्यांसाठी ती एका वैदूकडून पुड्या आणायची, पिवळट पूड, मधातून. तीन दिवसांत ती जिना चढायला लागली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. (1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉईड दिलं तेव्हाही काही दिवसांत असाच चमत्कार दिसला होता. 1950 साली त्यांना नोबेल मिळालं. असल्या पुड्यांत गुपचूप स्टेरॉईड मिसळलेलं असतं, पुडीवाल्यांचा धंदा त्याच चमत्कारावर चालतो.) तीन वर्षांनी वैदू गाव सोडून गेला आणि पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी मावशीला उलट्या, अंगात त्राण नाही, बीपी 80 वर 50. घरच्यांना वाटलं, शिळं काहीतरी खाल्लं असेल. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग बघून विचारलं, ‘आजी, कसली पुडी घेत होतात?’ हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन आणि सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी तिने उठून चहा मागितला.

गोळी कमी करत आणायची असते, आणि ते ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांनी, किंवा संधिवाताच्या तज्ज्ञांनी. वरून 5 पर्यंत त्यामानाने लवकर येता येतं, खरी कसोटी 5 च्या खाली. तिथे एकेक मिलिग्रॅम, महिना-महिना थांबून. मधे सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात, ग्रंथी जागी होतेय का ते कळतं. कमी करताना सांधे दुखले, थकवा आला तर तो त्रास स्टेरॉईड सुटल्याचा की मूळ आमवात उसळलाय, हे घरी ठरवू नका.

आणि दोन वर्षं नुसत्या प्रेडनिसोलोनवरच आमवात रेटला जात असेल, तर डॉक्टरांना मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाबद्दल जरूर विचारा. आजार त्याने धरून ठेवला तरच स्टेरॉईड सुटतं. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मी पाकिटावर लाल पेनाने वार लिहून देतो.

तोवर गोळी सकाळी नाश्त्यानंतर. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता आणि डोळे तपासण्याबद्दल विचारून घ्या. जोराचा ताप आला, दात काढायचा असला किंवा ऑपरेशन ठरलं तर गोळी थांबवायची नाही. उलट अशा वेळी डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून आधीच फोन करा. उलटीत गोळी पडून जात असेल तर थेट दवाखाना, इंजेक्शन लागू शकतं. ‘प्रेडनिसोलोन 10, दोन वर्षं’ एवढं चिठ्ठीवर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. गोळी पूर्ण सुटल्यावरही वर्षभर ती चिठ्ठी काढू नका. मावशीची अजून तिच्या बटव्यात आहे, तंबाखूच्या वासाची.